बांगडी वाढवली

हेमांगी चौगुले घाबरट नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं ती इतकी घाबरणार आहे की तुम्हाला वाटेल, बाई मुळातच भित्री. तसं अजिबात नाही. मिरजेच्या एमआयडीसीत एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर पाच-सहा माणसांची कंपनी होती आणि तिचं सगळं सॉफ्टवेअर हेमांगीच्या जिवावर चालायचं. सर्व्हर कोसळला तरी ही बाई आधी हातातला चहा संपवायची. मालक शेटेसर म्हणायचे, "हिला घाबरायला वेळ कुठाय!"

कंपनी 'कंकण' नावाच्या बांगड्या करायची. दिसायला साधी काचेची, हिरवी नाहीतर निळसर. पुरुषांसाठी तसंच कडं. पण काचेच्या पोटात केसाएवढी बारीक तार असायची, आणि सगळी करामत त्या तारेची. काही वर्षांपूर्वी शोध लागला होता की हृदयाचा ताल एकदम बिघडत नाही. ठोके चुकायच्या काही तास आधी कातडीवरच्या ओलाव्यात सोडियम आणि पोटॅशियमचं प्रमाण एका ठरावीक पद्धतीनं वरखाली व्हायला लागतं. माणसाला काही कळत नाही, डॉक्टरलाही ईसीजीची पट्टी काढून दिसत नाही, पण मनगटावरच्या त्या तारेला कळतं. तिनं वेळेत सांगितलं तर जिभेखाली एक गोळी आणि जवळचा दवाखाना, एवढ्यावर माणूस वाचतो. नाही सांगितलं, तर मग आपण नेहमी म्हणतो तेच, काल संध्याकाळी तर चांगले बोलत होते हो!

बांगडीला ना दिवा होता ना आवाज. ती अंगाच्या उबेवर चालायची, आणि म्हाताऱ्या माणसाच्या मनगटाला ऊब ती किती असणार? म्हणून ती जवळच्या फोनमार्फत कंपनीच्या सर्व्हरला काय ते कळवायची आणि पुढची धावपळ सर्व्हर करायचा. प्रश्न एवढाच होता की हे बोलणं सुरू कुणी करायचं.

सुरुवातीला सर्व्हर विचारायचा. दर थोड्या वेळानं प्रत्येक बांगडीला, "काय, ठीक आहे ना?" याला पोलिंग म्हणतात. पण प्रत्येक उत्तराला बांगडीची वीज जाते. अंगानं वाळलेल्या, थंड हाताच्या माणसांच्या बांगड्या उत्तरं देऊन-देऊनच मरायला लागल्या, म्हणजे जिथं जास्त गरज तिथंच आधी बंद. तेव्हा हेमांगीनं मीटिंगमध्ये वेबहुक सुचवलं. बांगडीला आपला एक पत्ता देऊन ठेवायचा. काही बिनसलं की तिनंच त्या पत्त्यावर येऊन कडी वाजवायची. एरवी गप्प बसायचं.

"असं बघा सर," ती म्हणाली होती, "भात झाला का म्हणून आपण सारखं झाकण उघडून बघतो का? कुकर लावायचा आणि आपल्या कामाला लागायचं. झाला की शिट्टी होतीय."

सगळ्यांना पटलं. फक्त समोरच्या टेबलावरचा सोहेल मुजावर म्हणाला, "आणि गॅसच संपला तर? शिट्टी कशी व्हायची?"

सगळे हसले. हेमांगीसुद्धा हसली, पण मुद्दा बरोबर आहे हे तिला कळत होतं. दिवसातून एकदा तरी बांगडीनं 'मी आहे' म्हणून हजेरी द्यावी, असं तिनं लिहूनही ठेवलं. पण आधी हे चालू करू, हजेरी पुढच्या खेपेला बघू, असं ठरलं आणि ती पुढची खेप काही आली नाही. स्क्रीनवर प्रत्येक माणसाचा एक ठिपका होता. बांगडी गप्प असेल तर ठिपका हिरवा, तिनं कडी वाजवली तर लाल. सगळी स्क्रीन कायम हिरवीगार असायची आणि शेटेसर येणाऱ्या-जाणाऱ्याला ती कौतुकानं दाखवायचे.

त्यातला एक ठिपका मालनआत्याचा होता.

मालनआत्या म्हणजे हेमांगीच्या वडिलांची थोरली बहीण. आई लवकर गेली, मग हेमांगीला वाढवलं ते हिनंच. शिराळ्याच्या बाजूला, घाटावर धामणवाडीच्या मळ्यात ती एकटी राहायची. नवरा तरुणपणीच वारला, तेव्हापासून तिचे हात मोकळे होते. हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा हेमांगीनं स्वतःच्या हातानं तिला हिरवी बांगडी चढवली. गावात कुजबुज झालीच. आत्यानं एकेकीला तोंडावर सुनावलं, "भाचीनं दवाखाना बांधलाय हाताला, तुमच्या पोटात का दुखतंय?"

त्याआधी हेमांगी आत्याला रोज संध्याकाळी फोन करायची. जेवलीस का, गोळी घेतलीस का, दार लावलंस का. बांगडी आल्यावर फोन एक दिवसाआड झाला, मग रविवारचा, मग आठवण झाली की. मनात माया नव्हती असं नाही. ठिपका हिरवा दिसत होता, काही झालं तर कळेलच, मग कशाला उगाच झोपमोड करायची म्हाताऱ्या बाईची? तिला स्वतःला हे शहाणपणाचंच वाटत होतं.

त्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर ती हेल्पलाइनची रेकॉर्डिंग ऐकत बसली होती. हेल्पलाइनवर माणूस नव्हता. 'मंजिरी' नावाचा यांत्रिक आवाज होता, फार गोड बोलायचा. तो नीट काम करतोय ना, हे बघायला अधूनमधून कुणीतरी ऐकायची पद्धत होती. कुणी बांगडी सैल होते म्हणत होतं, कुणी रंग बदलून मागत होतं. मग एक बाई आली.

"अहो, सकाळी भांडी घासताना बांगडी वाढवली बघा माझी."

"अभिनंदन!" मंजिरी म्हणाली. "आपली सेवा वाढवण्यात आली आहे. कंकणसोबत राहिल्याबद्दल धन्यवाद."

हेमांगीला खुदकन हसू आलं. तिनं सोहेलला हाक मारली. "अरे ये, ऐक हे येडं काय बोलतंय!" तिनं परत लावलं. सोहेलही हसला. मग हसता-हसता दोघं एकमेकांकडं बघत थांबले.

बांगडी फुटली म्हणायचं नाही. अशुभ. वाढवली म्हणायचं. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. संध्याकाळी दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. हे त्या ऑफिसातल्या प्रत्येकाला लहानपणापासून माहीत होतं, सोहेलच्या घरीसुद्धा तसंच म्हणायचे. पण मंजिरीला शब्द शिकवायला बसले तेव्हा हेमांगीनं काय लिहिलं? फुटली, तुटली, तडा गेला, हरवली, बंद पडली. घरात बोलायची भाषा घरी ठेवून ती ऑफिसात आली होती, आणि सगळे तसेच आले होते. बायकांनी बांगडी फुटल्याचं शहाण्यासारखं लगेच कळवलं होतं. यंत्रानं त्यांचं अभिनंदन केलं होतं.

फुटलेली बांगडी कडी वाजवत नाही. ती गप्प बसते, आणि गप्प म्हणजे हिरवा ठिपका.

"शोध," सोहेल हळू आवाजात म्हणाला. "'वाढवली' शोध सगळ्यात."

तिनं शोधलं. नावं येत गेली. एकाखाली एक येतच राहिली. ती मनात म्हणत होती, नको, तिचं नको, देवा तिचं नको. आणि मालनआत्याचं नाव स्क्रीनवर आलं. गेल्या आठवड्यातलं.

तिनं रेकॉर्डिंग लावलं.

"अगं बाई, आमच्या हेमाला सांग तेवढं," आत्याचा आवाज आला. "बांगडी वाढवली म्हणावं, गोठ्याच्या दाराला आपटून. तिला घाबरवू नगंस. सवड मिळंल तवा ये म्हणावं."

"आपली सेवा वाढवण्यात आली आहे," मंजिरी म्हणाली. "धन्यवाद."

"बरं बाई. देव तुझं भलं करो."

हेमांगीनं फोन लावला. रिंग वाजत राहिली. परत लावला. परत तेच. मळ्यात शेजार नाही, हाक मारावी असं कुणी नाही. ती पर्स उचलून दाराकडं धावली.

"हेमा," सोहेल म्हणाला. "थांब. पोलिंग परत चालू कर आणि मग जा. ते तुझ्याशिवाय कुणाला येत नाही."

"सोहेल, ती फोन उचलत नाहीये!"

"मला कळतंय. पण या बाकीच्यांचं काय? ज्यांनी फोन करून 'वाढवली' म्हटलं, त्यांची नावं तरी आहेत आपल्याकडं. ज्यांनी कुणालाच सांगितलं नाही, त्यांचं?"

तो असं बोलला म्हणून तिला त्याचा भयंकर राग आला. तो खरं बोलत होता म्हणून आणखी आला. ती दारात उभी राहिली, एक पाय बाहेर, एक आत. मग मागं फिरली आणि खुर्चीत बसली. तेवढा वेळ मालनआत्याच्या वाट्याचा जात होता, हे तिला दर अक्षराला जाणवत होतं.

जुनं पोलिंग काढून टाकलेलं नव्हतं, झाकून ठेवलेलं होतं. तिनं ते उघडलं. सारखं विचारायचं नाही, बांगड्यांची वीज जाईल. एकदाच. सगळ्यांना एकदाच विचारायचं, आणि जी उत्तर देणार नाही तिचा ठिपका करडा करायचा. बोटं चुकत होती, ती पुसून परत लिहीत होती. शेटेसर मागं येऊन उभे राहिले होते.

तिनं बटण दाबलं.

आधी काहीच झालं नाही. मग स्क्रीनच्या एका कोपऱ्यात एक ठिपका करडा झाला. मग दुसरा. मग जागोजागी होत गेले, मधेच चार-पाच एकदम. "वाढवली" म्हणणाऱ्यांपेक्षा हे कितीतरी जास्त होते. कुणाची फुटली असेल, कुणाची वीज संपली असेल, कुणी काढून फडताळात ठेवली असेल. आणि कुणाचा हातच थंड झाला असेल तर? या प्रत्येकाच्या घरी कुणीतरी मुलगा, सून, भाची असणार, आणि ती सगळी आपापल्या कामात निवांत असणार, कारण ठिपका हिरवा होता. शेटेसरांची तर पाचावर धारण बसली. "किती दिवस हे असं होतं?" त्यांनी विचारलं. कुणाला माहीत नव्हतं. कळायचा मार्गच नव्हता.

मालनआत्याचा ठिपकाही करडा झाला.

"आता जा," सोहेल म्हणाला. त्यानं कपाटातून एक नवी बांगडी काढून तिच्या हातात कोंबली. "आम्ही सगळ्यांना फोन लावतो. घाटाखाली रुग्णवाहिका सांगतो. जा तू!"

शेटेसरांची गाडी स्वतः चालणारी होती. हेमांगी मागच्या सीटवर बसून सारखी फोन लावत होती. रिंग वाजायची, संपायची. गाडी प्रत्येक सिग्नलला शिस्तीत थांबत होती, बैलगाडीला वाट देत होती. तिला वाटत होतं उतरून पळत सुटावं. आत्या न्हाणीघरात पडली असेल का? किती वेळ पडली असेल? हाक मारली असेल का, आणि कुणाला मारली असेल? ती मोठ्यानं म्हणाली, "उचल गं, उचल की एकदा," आणि गाडीनं नम्रपणे विचारलं, "आपल्याला काही मदत हवी आहे का?"

मळ्यात पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. दार उघडंच होतं. आत फोन चार्जिंगला लावलेला, त्यावर तिचेच सगळे कॉल. आत्या घरात नव्हती. ती मागच्या दारानं बाहेर आली.

आत्या पडवीत बाजेवर आडवी होती. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम. डोळे उघडे होते.

"आलीस?" आत्या म्हणाली.

हेमांगी बाजेच्या कडेला बसली. "फोन का उचलत नव्हतीस गं?"

"उठाय हुईना. सकाळधरनं डोळ्यांपुढं अंधारी येतीया."

"मग मला कळवायचं नाही?"

"कळवलं की!" आत्याला बोलताना धाप लागत होती. "तुझ्या त्या बाईला सांगितलं न्हवं का, वाढवली म्हणून? ती बरं म्हणाली. मला वाटलं तुला कळलं आसंल. आली न्हाईस, म्हंजे कामात आसशील. पोरीला सारखं-सारखं काय बोलवायचं?"

इतके दिवस ही बाई असं धरून बसली होती की हेमाला कळलंय आणि तरी ती आली नाही. आणि त्यावरही तिनं हेमाचीच बाजू घेतली होती. हेमांगीला रडू आवरेना. रडत-रडतच तिनं आत्याच्या हाताचा पंजा आवळून नवी बांगडी चढवली. जुनी वाढवली तिथं मनगटावर खपली होती.

बांगडी अंगाला लागून थोडा वेळ गेला असेल-नसेल, तोच सोहेलचा फोन आला. त्याचा आवाज चिरका झाला होता. "हेमा, लाल! तुझ्या आत्याची लाल आलीय. गोळी दे आणि तिथनं हल. आत्ता!"

तिनं आत्याच्या जिभेखाली गोळी ठेवली, तिला जवळजवळ उचलूनच गाडीत मागच्या सीटवर निजवलं आणि स्वतः पुढं बसली. गाडी निघाली. घाटाच्या तोंडाशी आली आणि थांबली.

"नेटवर्क उपलब्ध नाही," गाडी म्हणाली. "कृपया स्टिअरिंग हाती घ्या."

हेमांगीनं कित्येक महिन्यांत गाडी चालवली नव्हती. तिनं स्टिअरिंग धरलं. फोनकडं बघितलं, येताना घाटभर असलेली रेंज आता गेलेली, टॉवर बंद पडला असावा. म्हणजे बांगडी आता कितीही ओरडली तरी ऐकणारं कुणी नव्हतं. तिनंच बांधलेली व्यवस्था तिच्या पाठीमागं आत्याच्या हातात होती आणि मुकी होती. समोर वळणं, एका बाजूला दरी. मान वळवून मागं बघायची सोय नव्हती.

"आत्या?" ती म्हणाली.

"हं."

एक वळण गेलं. "आत्या?"

"हं."

"दुखतंय का कुठं?"

"न्हाई. तू म्होरं बघ."

वळण. "आत्या?"

"हं. अगं, किती इचारशील? गप गाडी चालीव."

पण ती गप्प बसू शकत नव्हती. प्रत्येक वळणाला ती हाक मारायची आणि उत्तर येईपर्यंत श्वास धरून ठेवायची. उत्तर आलं की सोडायची. उत्तरं बारीक होत चालली होती. आधी हाक संपायच्या आत यायची, आता हाक मारल्यावर मधे जागा पडायला लागली. त्या जागेत हेमांगीला गाडीच्या टायरचा आवाज ऐकू यायचा आणि दुसरं काहीच नाही.

"आत्या?"

काही नाही.

"आत्या!" तिनं ब्रेक दाबला. गाडी कठड्याला घासून उभी राहिली. मागं वळून बघते तर आत्याचे डोळे मिटलेले, तोंड थोडं उघडं. "आत्या, ओ दे की गं! ओ दे!"

आत्यानं डोळे अर्धवट उघडले. "हेमा," ती म्हणाली, "मला भ्या वाटतंया गं."

आयुष्यात आत्याच्या तोंडून हा शब्द तिनं कधी ऐकला नव्हता. साप निघाला तरी चपलेनं मारणारी बाई. हेमांगीला वाटलं सगळं सोडून मागं जावं, तिचं डोकं मांडीवर घ्यावं. पण थांबणं म्हणजे वेळ घालवणं, आणि वेळ उरलाच नव्हता. तिनं आत्याचा हात एकदा घट्ट दाबला, थंडगार होता, आणि परत पुढं वळली.

"मलाही वाटतंय," ती म्हणाली. "लई वाटतंय. पण ओ देत राहा. एवढं कर माझ्यासाठी."

शेवटची वळणं तिनं कशी घेतली, तिचं तिला ठाऊक. झाडी संपली, खालचा रस्ता दिसला, आणि लांब रुग्णवाहिकेचा निळा दिवा फिरताना दिसला. त्याच वेळी रेंज आली. शेजारच्या सीटवरचा फोन थरथरायला लागला आणि थांबेचना. घाटभर बांगडीनं जेवढ्या वेळा कडी वाजवली होती, ती सगळी आता एकदम पोचत होती. लाल, लाल, लाल, एकावर एक. फोन थरथरत सीटवरून सरकत गेला आणि खाली पडला, तिथंही थरथरत राहिला. हेमांगीनं तिकडं बघितलं नाही. तो जुना निरोप होता. आत्ताचं त्याला काही माहीत नव्हतं.

"आत्या?" तिनं विचारलं.

टायरचा आवाज. फोनचा आवाज.

"आत्या?"

"हाय गं," मागून आलं, अगदी बारीक. "इचारत ऱ्हा."